रोज एकच खोटं बोलणारा मीटर

बदलापूर गाव
१३ नोव्हेंबर १९९४

नाही मिळणार. तू आणखी दहा पत्रं पाठव, तरी नाही मिळणार. स्टॅम्पपेपर आला, दुकान विकायचे कागद आले, बाबांनी अंगठा कुठे उठवायचा तिथे पेन्सिलनं फुलीसुद्धा करून पाठवलीस. भगवंतदादा, बडोद्याहून फुली मारली म्हणून बदलापुरात अंगठा उठत नसतो.

आणि 'बाबांना नीट वाचून दाखव' म्हणजे काय? मीच दाखवते ना वाचून. या घरात वाचणारी मी एकटी, आईबाबांना आकड्यांच्या पुढे काही येत नाही, हे तुला माहीत आहे. ते दोघं ओसरीवर बसतात आणि मी दारात उभी राहून जे लिहिलंय ते वाचते. 'त्या दुकानात आता काही राहिलेलं नाही' हे वाचलं. 'म्हाताऱ्याला कळत नाही, बिल्डर थांबणार नाही' हेही वाचलं. तुला वाटलं असेल वेणू गाळेल. वेणू दमलीय, वेणू काही गाळत नाही.

सगळं ऐकून झालं की बाबा एकच विचारतात, "मोटरीचा काय लिवलाय?"

मोटरीचं तू कधीच काही लिहीत नाहीस. म्हणून मी लिहिते. ती दहा एचपीची मोटर अजून दुकानात आहे, दाराच्या उजव्या हाताला, गोणपाटाखाली. ती ज्याची, त्या रोपांच्या नर्सरीवाल्यानं तू बोललास त्याच आठवड्यात नवी घेतली, ही परत न्यायला आलाच नाही. बाबांनी तिच्यावर गोणपाट टाकलं ते टाकलंच. ते आता वायंडिंग करत नाहीत, मोटरीत तार भरत नाहीत. गावातले पंप येतात, कॉइल मी भरते, बाबा उंबऱ्यावर बसून खाचांत घालायचे स्लॉटचे कागद कापतात. हरिचंद्र वायंडर म्हणून वांगणीपर्यंत ज्यांना ओळखायचे ते माझे बाबा कागद कापतात. मी बीएस्सी फिजिक्स. हसू नकोस.

तुला आठवत नसेल तर सांगते. चार वर्षांपूर्वी बाबांनी नव्यानं भरलेल्या त्या मोटरीच्या तीन गुंडाळ्यांना तू मीटर लावलास. दोघींना काटा एका ओहमच्या जवळ, तिसरीला दोनाकडे. आणि नर्सरीवाला समोर उभा असताना म्हणालास, "बाबा, बस करा आता. आतला जोड कच्चा आहे. लोकांच्या मोटरी जाळाल." महिनाभरात तू बडोद्याला गेलास. बोलून झालं होतं तुझं.

चालवून बघा म्हणशील. कच्चा जोड पहिल्या दिवशी चालतोच, तापून तापून मग जळतो, हे तूच मला शिकवलंस. उसवून बघा म्हणशील. ते मी म्हटलं होतं. बाबा म्हणाले, "उसवली तं ती माझी ऱ्हायली कुटं?"

पण काल तुझं पत्र ऐकल्यावर ते उठले, हात धुतले, परत बसले आणि म्हणाले, "त्याना लिव. जोड कच्चा आसंल तं देतंय अंगठा. जाऊंदे दुकान. पन कच्चा नसंल तं परत मना इचारू नको. मीटर आन. त्याचा नको, माझा नको. खरा बोलनारा आन."

झालं. आता या घराचा जज्ज निवडायचं काम माझ्याकडे.

वहिनीला सांग, मसाला पाठवलाय. मिळाला का ते लिहा, नाहीतर लिहू नका.

वेणू


उल्हासनगर कॅम्प नं. ३, मग घरी
२० नोव्हेंबर

हे अर्धं पत्र रसवाल्याच्या बाकावर लिहितेय, म्हणून अक्षर असं.

सकाळपासून मीटर बघतेय. आपल्या कामाला साधा मीटर का चालत नाही ते आता तुला सांगायला नको, पण मला लिहायचंय. गुंडाळी एक ओहमची सुद्धा नाही. मीटरच्या स्वतःच्या वायरीच अर्धा ओहम खातात. म्हणजे पाव किलो भाजी मोजायला बसायचं आणि काट्यावर पिशवीचंच वजन दीडशे ग्रॅम.

मी कॉलेजच्या लॅबमधून एक हीटरची तार बरोबर एक ओहमची कापून घेतली, ती रिफिलवर गुंडाळली आणि पर्समध्ये घातली. ज्या दुकानात जाईन तिथे आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना लावायची, मग तार मोजायची, मग वायर हलवून परत मोजायची.

पहिल्या दुकानात शेट म्हणाला, "देखो दीदी, बीप करता है." बीप सगळेच करतात. टोकांना टोकं लावली तर झिरो पॉइंट चार.

"ये चार किसका है?"

"अरे वो तो ज़ीरोच है. इतना चलता है."

वायर हलवली तर सहा झाले. म्हटलं, आता?

"आप हिलाती क्यूं हो?"

दुसऱ्या दुकानात खोका जपानचा, आत कागद इंग्लिशमध्ये, इंग्लिश आपल्या गल्लीतलं. त्याची तार एकदा एक पॉइंट दोन, एकदा एक पॉइंट आठ. तिसऱ्यानं मला जीन्सच्या गठ्ठ्यावर बसवलं, शेजारी कारखान्याच्या मशिनी धडधडत होत्या, चार मीटर काढून दिले आणि आपल्या भावाला ओरडून म्हणाला, "मॅडम मीटर लेने नहीं आयी, मीटर का इंटरव्यू लेने आयी है. चाय बोल." मग मला, "शादी हो गयी आपकी?"

"नहीं."

"होगी भी नहीं."

त्याच्याकडचाच घेतला. कशावरून घेतला सांगते. चारांतला एक छान होता, कधी शून्य दाखवायचा, कधी पॉइंट पाच. आणि हा पिवळा, जड, जाड वायरींचा, टोकं लावली की पॉइंट तीन. हलवलं तरी तीन. भाऊ ओरडला तरी तीन. चहा पिऊन परत लावला, तीन. शेट म्हणाला, ये तो तीन का झूठ बोलता है, वो दूसरा लो, वो कभी कभी ज़ीरो देता है. मी म्हटलं नको. जो कधी कधी खरं बोलतो त्याचं काय करू? हा खोटं बोलतो, पण रोज एकच खोटं बोलतो. तीन वजा केले की झालं.

तू हसला असतास इथे. आधी हसायचास.

(घरी.) आई म्हणाली, "येवढं पोरं बगितलं आसतंस तं आतापावत दोन लेकरा झाली आसती तुना." मीटर तिनं हळद-कुंकू लावून देव्हाऱ्यापुढे ठेवला. कुंकू डिस्प्लेवर सांडलं.

वेणू


बदलापूर गाव
२१ नोव्हेंबर

नापास.

बाबांच्या समोर टोकांना टोकं लावली. बाबांना आकडे वाचता येतात. "तीन कशाचा?"

सांगितलं. वायरीचा, तो वजा करायचा. गुंडाळ्या मोजल्या, तिन्ही एक पॉइंट दोन. तीन वजा, नऊ. तिन्ही सारख्या. मला वाटलं संपलं, सुटले. अगदी पत्र लिहायला कागदसुद्धा काढला होता.

बाबांनी मीटर उलटा करून पाहिला, जसे चिखलातले बूट पाहतात. "ह्यो आपल्या त्वांडानं सांगतंय का मी तीन खोटा बोलतंय. आनि तू त्याला साक्षीला आनलंस? भगवंत काय बोलंल? बापानं पोरीला पढवला."

"मग काय करू बाबा?"

"खरा आन."

आणि परत कागद कापायला बसले.

त्यांचं चुकलं नाही, हाच वैताग आहे. बेरीज-वजाबाकी करून आलेला निकाल तू मानला नसतास. मीही नसता मानला, तुझ्याकडून आला असता तर.

दादा, मला एक कळत नाही. तुला दुकान हवंय की बाबांनी एकदा 'तुझं बरोबर होतं' म्हणायला हवंय? त्यातलं एकच बडोद्याला पोस्टानं येतं.


अंबरनाथहून येऊन
२ डिसेंबर

आज अंबरनाथच्या एमआयडीसीत गेले होते. ज्या कंपनीच्या पंपांचे सुटे भाग आपण आणतो, तिथल्या टेस्टिंग रूममध्ये शरदचंद्र म्हणून साहेब आहेत. पन्नाशीचे, स्वेटर घालून बसलेले, कारण मशिनसाठी एसी लावलाय आणि माणसांसाठी कोणी विचारलेलं नाही. गेटवर तासभर बसवलं. मग त्यांनी विचारलं, "कोणाकडून आलात?" म्हटलं, गोणपाटाखालच्या मोटरीकडून. ते नीट बसले.

त्यांच्याकडे खरा मीटर आहे. मिलिओहमचा, ओहमचा हजारावा भागही मोजणारा. त्याला दोन नाही, चार वायरी असतात. गुंडाळीच्या प्रत्येक टोकाला दोन-दोन. एक जोडी करंट नेते, दुसरी जोडी फक्त बघते. बघणाऱ्या जोडीतून करंट जवळपास जातच नाही, म्हणून तिच्यात वळण असो, जोड असो, काही असो, आकड्यात उतरत नाही.

"साध्या मीटरची गोची काय आहे सांगू," साहेब म्हणाले. "जी वायर बघते तीच ओझंही वाहते. मग ती आपलं ओझं आकड्यात घालून सांगते आणि आपल्याला वाटतं मोटरीचंच आहे."

मला तू दिसलास, त्या दिवशी मी कॉलेजला निघताना रात्रपाळी करून आलेला, घामेजलेला.

मीटर गेटबाहेर देता येत नाही म्हणाले. मोटर इकडे आणा. म्हटलं, बाबा मोटर दुकानाबाहेर काढू देणार नाहीत. साहेबांनी कपाळ चोळलं, मग एका पाकिटाच्या पाठीवर तीन गुंडाळ्या काढल्या आणि पेन माझ्या हातात दिलं. "तुम्ही फिजिक्सवाल्या ना? मग मीटर कशाला शोधताय?"

आणि मला एकदम लाज वाटली आणि एकदम हसू आलं. अरे, हे मी लॅबमध्ये केलंय. तिन्ही गुंडाळ्या एकापाठोपाठ एक जोडायच्या, बॅटरीवर टाकायच्या. रांगेत असल्या की तिघींतून तोच करंट जाणार, कमी नाही, जास्त नाही. मग नुसते व्होल्ट बघत जायचं, एकेकीवर. ज्या गुंडाळीत कच्चा जोड, तिच्यावर व्होल्ट जास्त. ओहम मोजायचेच नाहीत. काही वजा करायचं नाही. आणि व्होल्ट बघायला आपला पिवळासुद्धा चालतो, कारण आता त्याच्यावर ओझं नाही, तो फक्त बघतो.

कॅम्प तीनमधला खोटारडा, आणि त्याला खरं बोलायला लावायचं तर एवढंच, की त्याला मधे घ्यायचं नाही.

निघताना साहेब म्हणाले, सिन्नरला कंपनीचं नवं युनिट होतंय, टेस्टिंगला माणूस हवाय, तिथेच राहावं लागेल. मी म्हटलं, माझ्या घरी एक केस चालू आहे. ते म्हणाले, संपली की कळवा.

वेणू


बदलापूर गाव
११ डिसेंबर

काल केलं.

शेजारच्या जनूकाकांच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणली, हेडलाइटचा एक बल्ब मधे जोडला, करंट आवरायला. गोणपाट बाबांनीच काढलं. खाली एका उंदरानं स्लॉटच्या कागदाचं घर केलं होतं, बाबांनीच कापलेले कागद. वार्निश तसंच होतं, मधासारखं. आई दारात पदर तोंडाला लावून उभी. जनूकाका म्हणाले, "पोरीना बापाची परीक्षा लावली." आई म्हणाली, "पोरीना नाय, पोऱ्यानं."

बल्ब मंद पेटला. पिवळ्याची टोकं मी बाबांच्याच हातात दिली.

पहिली गुंडाळी, दोन पॉइंट एकतीस. बाबांनी आकडा मोठ्यानं वाचला.

दुसरी, दोन पॉइंट एकतीस.

तिसरीवर त्यांचा हात थांबला. खोटं नाही सांगत, मीही दुसरीकडे बघितलं. मग त्यांनी टोकं टेकवली आणि बराच वेळ वाचलंच नाही. मला वाटलं, गेलं. मी वाकून बघितलं.

दोन पॉइंट बत्तीस.

उलट्या बाजूनं परत केलं. तेच. म्हणजे सारख्या, दादा; कच्चा जोड असता तर आकडा दुप्पट आला असता. जोड पक्का आहे. चार वर्षं गोणपाटाखाली पक्काच होता.

इथे पत्र संपवून तुला नुसतं 'बघ' लिहिणार होते. पण बाबा उठेनात. म्हणाले, "मंग तवा काटा कशाला चढला? भगवंत खोटा बोलनारा नाय."

चार वर्षांनी तुझ्या बाजूनं बोललेलं पहिलं वाक्य हे. आहे तसं लिहितेय.

तुझा काट्याचा मीटर अजून त्याच खिळ्यावर होता. सेल नवे घातले. टोकं जुळवली, शून्यावर आणला, तूही आणला होतास. पहिली, एकाच्या जवळ. दुसरी, तशीच. तिसरी, तशीच. काही चढेना. बाबा म्हणाले, "आसा नाय. दोन झाल्यावर त्याना मीटर फिरवला व्हता. गिऱ्हाइकाला दिसावा म्हनून."

मला हे माहीतच नव्हतं. मी त्या दिवशी कॉलेजात होते. तू तिसऱ्या गुंडाळीच्या आधी मीटर उचलून काचेच्या कपाटावर ठेवलास, तोंड नर्सरीवाल्याकडे करून. बाबांना ते चार वर्षं आठवत होतं, आणि त्यांना वाटायचं आपल्याला फक्त अपमानच आठवतोय.

कपाटावर ठेवला. लाल वायर खिळ्यावरून वळली. काटा दोनाकडे. पहिली गुंडाळी लावली, तीही दोनाकडे. वायर सरळ केली, काटा परत एकाच्या जवळ. तू परत पहिलीला लावून बघितलं असतंस तर तेव्हाच कळलं असतं. पण तेव्हा तू बोलत होतास.

बाबांनी ब्लेड घेतलं आणि लाल वायरीवरची चिकटपट्टी कापली. आत जोड. तुटलेली वायर कोणीतरी वायंडिंगच्या उरलेल्या तारेनं जोडलेली. आपल्याकडे तारेचा तुकडा कधी टाकलाय का कोणी? पण वायंडिंगच्या तारेवर लाखेसारखा मुलामा असतो, तो खरवडून काढल्याशिवाय तांब्याला तांबं भेटत नाही. आपल्या घरातलं लहान पोरही ते आधी करतं. इथे अर्धाच खरवडला होता. अर्धी तार अजून पिवळी. सरळ असली की लागायचं, वळली की सुटायचं.

बाबांनी तो पीळ बोटावर घेऊन पाहिला. डावीकडून तीन, मग एक आडवा. असा पीळ गावात एकच माणूस देतो.

"ह्यो माझा हाय," बाबा म्हणाले.

जनूकाका बॅटरी सोडायला लागले.

मग मला म्हणाले, "लिव त्याला. जोड कच्चा व्हता. माझाच. मोटरीतला नाय, वायरीतला. त्याना काटा बगितला तो बराबर बगितला."

मी म्हटलं, बाबा, तुम्ही जिंकलात ना. ते म्हणाले, "बापलेकात कोन जिकतंय गो." आणि ते गोणपाट घडी करून आईकडे दिलं, धुवायला.

कागद परत पाठवतेय, अंगठ्याशिवाय. ठरलं होतं तसं. पेन्सिलची फुली मी खोडून टाकली.

वेणू


बदलापूर गाव
८ जानेवारी १९९५

तुझं पत्र मिळालं. पाच ओळींचं. 'मला काय माहीत वायर तशी होती' हे बाबांना वाचून दाखवलं. ते मान हलवून म्हणाले, "बराबर हाय, त्याला काय म्हाईत." त्याच्यापुढे तू 'बिल्डर आता संक्रांतीपर्यंत थांबतोय' लिहिलंयस, तेही दाखवलं. त्यावर त्यांनी परत तार हातात घेतली. हेंद्रेपाड्यातून एक जळका पंप आला होता, त्याच्या कॉइल भरत होते. हो, बाबा भरत होते. हात कापतो, एका कॉइलला सकाळ जाते. पण मुलामा खरवडून झाला की आता तार उजेडात धरून बघतात. आधी नाही बघायचे.

ती मोटर नर्सरीवाल्याला दाखवली. तो म्हणाला, माझ्याकडे नवी आहे, हिला ठेवा. मग जनूकाकांनी विहिरीवर बसवली. चालतेय.

आता माझं. केस संपली म्हणून शरदचंद्र साहेबांना कळवलं होतं. त्यांचं बोलावणं आलंय. मी सिन्नरला चाललेय. आईनं दोन दिवस अबोला धरला, मग लाडू केले. बाबांनी पिवळा मीटर माझ्या बॅगेत ठेवला, मी काढून परत खिळ्यावर लावला, त्यांनी परत ठेवला. शेवटी काट्याचा माझ्या बॅगेत आणि पिवळा खिळ्यावर असं ठरलं. काट्याची लाल वायर बाबांनी नवी लावून दिली. अख्खी. बिनजोडाची.

मी काही चिडून जात नाहीये. मी नुसती दमलेय. चार वर्षं तू लिहायचास आणि मी वाचायचे, बाबा बोलायचे आणि मी लिहायचे. मला वाटायचं मी फक्त मधली वायर आहे. पण तुझं वाक्य माझ्या तोंडून बाबांना लागायचं ते जरा जास्त लागायचं, आणि बाबांचं माझ्या हातून तुला. माझंही ओझं त्यात जातच असणार. किती ते मला मोजता येत नाही.

म्हणून असं केलंय. या घरात आता वाचणारं कोणी नाही. शिवराम पोस्टमनला सांगून ठेवलंय, बडोद्याचं पत्र आलं तर आत टाकू नकोस, तसंच परत पाठव. तो म्हणाला, "असं करता येतं का ताई?" म्हटलं, येतं. त्यामुळे या पत्राचं उत्तर लिहायला बसू नकोस. सिन्नरचा पत्ता मी देत नाहीये.

दुकान विकायचं म्हण, नको म्हण, चूक झाली म्हण, नाही झाली म्हण. पण ते इथे येऊन, बाबांच्या समोर स्टुलावर बसून म्हण. सकाळी दहाच्या आत ये, तेव्हा त्यांचा हात जरा स्थिर असतो. आणि आलास तर आधी त्यांच्या हातातली कॉइल पूर्ण होऊ दे.

जनूकाकांनी रिक्षा आणलीय. आई बाहेरून हाक मारतेय, बाबा मारत नाहीयेत. पाकीट स्टेशनच्या पेटीत टाकते. निघाले.